तलाव शाळेच्या अंगणात

भोपाळची ओळख सांगावयाची म्हणजे तेथील तळ्यांपासून आरंभ करावा लागतो. राजा भोजाच्या नावाने सांगितला जाणारा अकराव्या शतकातला मोठा तलाव, त्याच्या पूर्वेस छोटे खान या दिवाणाने १७९४ साली बांधविलेला छोटा तलाव, आणि मागाहून शहराच्या कडेकडेने झालेली केरवा, कलियासोत, हथाईखेडा ही धरणे. असे हे चहूबाजूंनी पाण्याने वेढलेले शहर आहे. तळे असावे तर भोपाळचे, बाकीची नुसती डबकी, असे तेथील लोक अभिमानाने म्हणतात. १९५६ साली नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ ठरली, तेव्हा नागपूरचे सचिवालय हलले आणि त्याबरोबर पुष्कळ मराठी कुटुंबेही तेथे गेली. त्याच सुमारास वीजसामग्रीचा प्रचंड कारखाना उभा राहू लागला आणि पिपलानी, गोविंदपुरा, बरखेडा या वसाहतींतून कामगारांची नवी नगरी वसली. रायसेनच्या रस्त्याने पिपलानी मागे टाकली की आनंद नगर लागते. हथाईखेड्याचे पाणी या वस्तीच्या अगदी जवळ आहे.

इतके पाणी उशाशी असलेल्या वस्तीत पोहता न येणारे मूल हा अपवाद असावयास हवा होता. तसे नाही. आणि त्याचे परिणाम केवळ आकड्यांत राहिलेले नाहीत. २०१९ साली अनंत चतुर्दशीची रात्र सरून १३ सप्टेंबरची पहाट होत असताना छोट्या तलावाच्या खटलापुरा घाटाजवळ गणपतीची मोठी मूर्ती विसर्जनासाठी नेणाऱ्या नावा उलटल्या आणि अकरा जण बुडाले. ही मंडळी पिपलानीच्या वस्तीतली, बहुतेक तरुण आणि किशोरवयीन होती. तरंगण्याची जाकिटे त्यांच्या अंगावर नव्हती. पोहता येत असते तर सगळेच वाचले असते, असे कोणी छातीठोकपणे म्हणू नये. अंधार, गोंधळ, मूर्तीचा भार आणि एकमेकांना मारलेल्या मिठ्या यांपुढे चांगला पोहणाराही हतबल होतो. परंतु पाण्यात पडल्यावर पहिले अर्धे मिनिट न घाबरता तरंगून राहणे ज्याला साधते, त्याला निदान एक संधी मिळते. ज्याला ते साधत नाही, त्याला तीही मिळत नाही.

देशाचा हिशेब यापेक्षा फार मोठा आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात भारतात अडतीस हजारांहून अधिक माणसे बुडून मेली. या यादीत पहिले राज्य मध्य प्रदेश होते आणि दुसरे महाराष्ट्र. ज्यांचे एक घर भोपाळात आणि दुसरे नागपुरात, अशा मराठी माणसांना ही क्रमवारी जरा थांबून वाचावी लागेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२१ मध्ये साऱ्या जगात सुमारे ३ लाख लोक बुडून मृत्यू पावले आणि त्यांतले जवळजवळ निम्मे तीस वर्षांच्या आतले होते. शाळेत जाणाऱ्या वयाच्या मुलांना पोहण्याचे आणि पाण्यात सुरक्षित राहण्याचे प्राथमिक शिक्षण द्यावे, हा त्या संघटनेने सुचविलेल्या मोजक्या उपायांपैकी एक आहे.

उपाय सोपा वाटतो, पण तो मुलापर्यंत पोहोचवावयाचा कसा, येथे घोडे अडते. आपल्याकडे पूर्वी पोहणे शिकविण्याची एक पद्धत होती आणि तिला शाळा लागत नसे. गावची विहीर, कमरेला बांधलेला वाळलेला भोपळा किंवा पांगाऱ्याचा हलका ओंडका, पुढे पुढे पत्र्याचा बंद डबा, आणि काठावर उभा असलेला एखादा काका किंवा मामा, एवढ्या साहित्यावर कित्येक पिढ्या पोहायला शिकल्या. त्या पद्धतीचे गोडवे आज गायले जातात. मात्र त्या विहिरीत मुलगी क्वचितच उतरे आणि ज्याला मामा नसे तो मुलगाही काठावरच राही, हे सांगावयाचे बहुधा राहून जाते. आज शहरात ती विहीरही उरलेली नाही. कोठे ती बुजली, कोठे तिच्यावर जाळी आली.

मग उरतात तळी आणि धरणे. भोपाळचा मोठा तलाव हा शहराच्या पिण्याच्या पाण्याचा एक प्रमुख आधार आहे आणि २००२ पासून आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे पाणथळ क्षेत्र म्हणून त्याची नोंद झालेली आहे. शेकडो मुलांनी डुंबावे असे ते स्थळ नव्हे. धरणाच्या काठी गाळ असतो, पाणवनस्पती पायांत अडकतात, तळ कोठे एकाएकी खचेल याचा नेम नसतो, आणि कलियासोतात तर मगरीही आहेत. राहता राहिला बांधीव तलाव. तसे तलाव भोपाळात आहेत. महानगरपालिकेचा ‘प्रकाश तरण पुष्कर’ अनेकांना ठाऊक आहे. परंतु आनंद नगरातील प्राथमिक शाळेच्या चाळीस मुलांना तेथे न्यावयाचे म्हणजे बस आली, दोन शिक्षक आले, शुल्क आले, पालकांची संमती आली, आणि अर्ध्या तासाच्या पोहण्यासाठी अर्धा दिवस मोडला. एखादी सधन शाळा हे करील. मजुरी करणाऱ्या आईबापांची मुले जेथे शिकतात ती शाळा करणार नाही. आणि नेमकी तीच मुले उन्हाळ्याच्या दुपारी धरणाच्या काठी सापडतात.

मूल तलावाकडे जात नसेल तर तलावच मुलाकडे आणावा, ही कल्पना येथून निघते.

तिच्या मागे काही देशांचा अनुभव आहे. जपानमध्ये ११ मे १९५५ रोजी ‘शिउन मारू’ ही प्रवासी बोट दुसऱ्या बोटीशी टक्कर होऊन बुडाली. मृतांची संख्या १६८ होती आणि त्यांतली शंभर मुले शाळेच्या सहलीला निघालेली होती. त्यांतही मुलींची संख्या अधिक. या आघातानंतर त्या देशाने शाळाशाळांतून पोहण्याचे तलाव बांधण्याचा सपाटा लावला आणि पोहणे हा शिक्षणाचा भाग झाला. आज मात्र तेच तलाव जुने झाले आहेत. दुरुस्तीचा खर्च झेपेना म्हणून कित्येक शाळा ते बंद करून मुलांना बाहेरच्या तलावांवर पाठवीत आहेत. कायमचा तलाव वर्षातले दोन-तीन महिने वापरावयाचा आणि बारा महिने सांभाळावयाचा, हा व्यवहार श्रीमंत देशालाही जड जातो, हा धडा येथे घेण्यासारखा आहे.

बांगलादेशाने दुसरी वाट धरली. तेथे खेड्यातील पोखरींतच बांबूचे मचाण उतरवून, त्याच्या मर्यादित खोलीत गावातल्याच प्रशिक्षित तरुण-तरुणींकडून मुलांना शिकविण्यात आले. हे शिकलेल्या मुलांत बुडून मरण्याचे प्रमाण न शिकलेल्यांच्या तुलनेने नव्वद टक्क्यांहून अधिक घटले, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. एका साध्या कौशल्याने इतका फरक पडावा, हे आरोग्याच्या क्षेत्रात वारंवार दिसत नाही. ढाक्यासारख्या दाट शहरात स्वच्छ पोखर मिळेना, तेव्हा उचलून नेता येणारे तलाव वापरले गेले. व्हिएतनाममध्ये तर प्राथमिक शाळांच्या अंगणात जुळणीचे तलाव उभारून शिकविणे ही आता ओळखीची गोष्ट झाली आहे. इंग्लंडात प्राथमिक शाळा सोडण्यापूर्वी प्रत्येक मुलाला २५ मीटर पोहता यावे असा अभ्यासक्रमाचाच दंडक आहे. तरीही पुष्कळ मुले त्यावाचून राहतात, म्हणून तेथेही काही भागांत शाळेच्या आवारात काही आठवड्यांपुरता तलाव मांडून मुलांना शिकविले जाते.

असा तलाव म्हणजे तरी काय? जमिनीत खड्डा खणावयाचा नाही, सिमेंट ओतावयाचे नाही. गंज न चढणाऱ्या पोलादी चौकटी किंवा फळ्या नटबोल्टांनी जोडून भिंत उभी करावयाची, तिच्या आत जाड प्लास्टिकचे अखंड अस्तर सोडावयाचे, एका बाजूस पंप व गाळणी जोडावयाची, दोन बाजूंस शिड्या लावावयाच्या. दोन-तीन दिवसांत हे काम होते आणि तितक्याच वेळात ते मोडून मालमोटारीत भरता येते. बारा मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि पाण्याची खोली नव्वद सेंटिमीटर एवढे मोजमाप आठ-नऊ वर्षांच्या मुलांना पुरेसे आहे. त्या वयाच्या मुलाच्या छातीपर्यंत हे पाणी येते; पाय टेकतात, आणि उचलावेसे वाटले तर उचलताही येतात.

मोजमाप लहान दिसले तरी पाण्याचे वजन लहान नसते, हे मात्र प्रत्येक मुख्याध्यापकाने ध्यानात ठेवावे. या तलावात सुमारे ६५ हजार लिटर पाणी मावते, म्हणजे ६५ टन. तळाच्या प्रत्येक चौरस मीटरवर नऊशे किलोंचा भार पडतो आणि भिंतीच्या दर मीटर लांबीवर पाण्याचा रेटा सुमारे चारशे किलोंचा असतो. शाळेची गच्ची सामान्यतः दर चौरस मीटरला दीडशे किलोंच्या वापराचा भार धरून बांधलेली असते. तेव्हा अंगण लहान आहे म्हणून तलाव गच्चीवर मांडू, असा विचार कोणी स्वप्नातही करू नये. जमीन सपाट आणि घट्ट ठोकलेली हवी. एका कोपऱ्यात चार बोटे उतार राहिला तर एका बाजूच्या भिंतीवर अधिक रेटा येतो आणि सांधा तेथेच सुटतो. भोपाळच्या काळ्या मातीत ही काळजी विशेष घ्यावयास हवी, कारण ती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की भेगाळते. मुरुमाचा थर दाबून त्यावर वाळू पसरली म्हणजे बरेचसे काम भागते.

उन्हाळ्यात ज्या वस्तीत बाया टँकरची वाट पाहत उभ्या राहतात, तेथे शाळेच्या खेळासाठी ६५ हजार लिटर पाणी द्यावयाचे काय, असा प्रश्न येईल. तो आलाच पाहिजे. त्याला भावनेने नव्हे, हिशेबाने उत्तर द्यावे. २४० मुलांच्या शाळेत हे पाणी दर मुलामागे २७० लिटर पडते. शहरी पाणीपुरवठ्याच्या योजना आखताना दर माणशी रोज १३५ लिटरांचे प्रमाण धरतात. म्हणजे एका मुलाला पोहायला शिकविण्यासाठी त्याच्या वाट्याचे दोन दिवसांचे पाणी एकदाच लागते. ते रोज बदलावयाचे नसते. गाळणीतून फिरवून तेच पुन्हा वापरावयाचे असते. एप्रिलच्या उन्हात रोज पाच-सातशे लिटर वाफ होऊन जाईल आणि गाळणी धुण्यास काही लागेल, एवढी भर घालावी लागते. मोसम संपल्यावर पाणी काही दिवस उघडे ठेवले की त्यातले क्लोरिन उडून जाते आणि ते झाडांना घालता येते. तरीही ज्या वर्षी पाण्याची खरोखर ओढ असेल, त्या वर्षी तलाव पावसाळ्यानंतर आणावा. या बाबतीत हट्ट धरण्यात शहाणपण नाही.

पाणी स्वच्छ ठेवण्याचे शास्त्र अवघड नाही, परंतु ते रोजच्या रोज पाळावे लागते. दहा लाख भाग पाण्यात एक ते तीन भाग क्लोरिन सतत मोकळे राहिले पाहिजे. ६५ हजार लिटरांत एक भाग म्हणजे अवघे ६५ ग्रॅम. चांगली ताजी ब्लीचिंग पावडर घेतली तर सुमारे दोनशे ग्रॅम. पाण्याची आम्लता-अल्कता मोजणारा अंक ७.२ ते ७.८ च्या दरम्यान असावा, नाहीतर क्लोरिन असूनही काम करीत नाही आणि मुलांचे डोळे मात्र चुरचुरतात. दिवसातून निदान तीनदा हे मोजून वहीत लिहावे. मुलांनी आधी अंगावर पाणी घेऊन, लघवीला जाऊन यावे. ज्याला जुलाब होत आहेत, कान वाहत आहे किंवा अंगावर फोड आहेत, त्याने त्या दिवशी काठावर बसावे. हे नियम बारीकसारीक वाटतात. पण ते मोडले की तलाव आठ दिवसांत रोगाचे घर होतो आणि मग पालक मुलांना पाठवीत नाहीत.

आता शिकवावयाचे काय? येथे पुष्कळांची समजूत अशी की तलाव आला म्हणजे शर्यती आल्या, पदके आली. तो या कामाचा हेतूच नव्हे. पहिले दोन-तीन दिवस मुलाने फक्त पाण्यात तोंड बुडवून बुडबुडे सोडावयाचे असतात. पाण्याची भीती बहुधा नाकातोंडात बसलेली असते. ती तेथूनच काढावी लागते. मग उताणे तरंगणे. माणसाच्या शरीराची घनता पाण्याच्या इतकी जवळ असते की छातीत श्वास भरून अंग सैल सोडले तर चेहरा पाण्याबाहेर राहू शकतो. हात उंचावून ओरडणारा मात्र खाली जातो, कारण पाण्याबाहेर काढलेल्या हातांचे वजन त्याला खाली दाबते. ही एक गोष्ट मुलाच्या अंगात भिनली तरी अर्धे काम झाले. त्यानंतर भिंतीला पाय रेटून सरकणे, पालथ्याचे उताणे होणे, पाय न टेकता तीस सेकंद जागच्या जागी राहणे, आणि शेवटी कोणत्याही पद्धतीने पंचवीस मीटर जाणे. या तलावात म्हणजे एक फेरी जाण्याची, एक येण्याची, आणि वर थोडे.

याच्याच जोडीला दुसऱ्याला वाचविण्याचा धडा हवा, आणि तो काठावरून द्यावयाचा. आपल्याकडे एकापाठोपाठ एक तिघे-चौघे बुडाल्याच्या बातम्या येतात, त्यांतले पहिल्यानंतरचे बहुधा वाचवावयास उडी मारलेलेच असतात. दहा वर्षांच्या मुलाने कधीही उडी मारू नये. त्याने ओरडून मोठ्यांना बोलवावे, आडवे पडून बांबू किंवा फांदी पुढे करावी, ओढणी, लुगडे किंवा दोर फेकावा. काहीच नसेल तर झाकण घट्ट लावलेला पाच लिटरचा रिकामा कॅन फेकावा. तो कॅन जवळजवळ पाच किलो भार तोलतो आणि घाबरलेल्या माणसाचे डोके पाण्यावर ठेवण्यास तेवढा आधार बहुधा पुरतो. विहिरीतला भोपळा हेच काम करीत होता. शिक्षकांना याशिवाय बुडालेल्यास श्वास देण्याचे रीतसर शिक्षण मिळालेच पाहिजे. बाहेर काढलेल्या माणसाला उलटे टांगून किंवा पोट दाबून पाणी काढीत बसण्याची जी रूढी आहे, तिच्यात मोलाची मिनिटे जातात. त्या माणसाला प्रथम हवा हवी असते.

शिकविणाऱ्यांची वेळापत्रकात सोय लावणे हे वाटते तितके कठीण नाही. वीस मुलांची एक तुकडी, तिला दोन शिक्षक, अर्ध्या तासाचा पाठ, असे धरले तर २४० मुलांच्या बारा तुकड्या सहा तासांत होतात. तीन आठवड्यांत प्रत्येक मुलाला अठरा पाठ मिळतात. याशिवाय एक माणूस असा हवा की ज्याने शिकवावयाचे नाही, बोलावयाचे नाही, फक्त पाण्याकडे पाहत राहावयाचे. या माणसाचा पगार वाचविण्याचा मोह प्रत्येक व्यवस्थापकाला होतो. बुडणारे मूल बहुतेक वेळा आवाज करीत नाही. शिकविण्यात गुंतलेल्या शिक्षकाच्या पाठीमागे ते निमूटपणे खाली जाते. म्हणून तो माणूस नसेल त्या दिवशी पाठ बंद ठेवणे हेच योग्य.

मुलींच्या बाबतीत पोशाखाचा प्रश्न निघतो आणि पुष्कळ ठिकाणी त्यावरच सारे अडते. वास्तविक त्याला फार सरळ उत्तर आहे. नेदरलँड्समध्ये मुलांच्या पोहण्याच्या पहिल्या परीक्षेचाच एक भाग अंगावर नेहमीचे कपडे ठेवून घेतात. कालव्यात पडणारे मूल पोहण्याचा पोशाख घालून पडत नाही, हा त्यामागचा विचार. आनंद नगरातील मुलगीही सलवार-कुडत्यातच पाण्यात पडण्याचा संभव आहे. तेव्हा तिने अंगाला बसणारी सलवार-कुडता घालून शिकावे. फक्त ओढणी बाहेर ठेवावी. मुलींच्या तुकडीला शिक्षिका द्यावी आणि तलावाभोवती कनात लावावी. एवढ्याने घरच्यांचा विरोध पुष्कळसा मावळेल. कनात तशीही लागणारच आहे, कारण शाळेची वेळ संपल्यावर रिकामा तलाव हाच वस्तीतल्या लहान पोरांना सर्वांत मोठा धोका असतो. मजबूत कुंपण, कुलूप, शिडी काढून ठेवणे आणि रात्रीचा पहारेकरी यांपैकी एकही गोष्ट कमी असेल तर तलाव न आणलेला बरा. पंपाच्या विजेच्या जोडणीवर गळती होताच प्रवाह तोडणारे यंत्र बसविले पाहिजे; ओल्या अंगणात उघडी तार चालणार नाही.

स्वच्छ, स्थिर, तळ दिसणाऱ्या पाण्यात बारा मीटर पोहलेला मुलगा हथाईखेड्याच्या काठी जाऊन फुशारकी मारील, ही शंकाही रास्त आहे. बांगलादेशातील मुले पोखरीतच शिकत, म्हणून त्यांना पोखर ठाऊक असे. अंगणातल्या निळ्या हौदात शिकलेल्याला धरण ठाऊक नसते. यासाठी शेवटच्या आठवड्यात एक दिवस सर्व मुलांना शिक्षकांसह धरणाच्या काठी न्यावे. पाण्यात उतरवू नये. गाळात काठी किती खोल जाते, काठाशी गुडघाभर असलेले पाणी दोन पावलांवर कसे डोक्यावर जाते, तेवढे दोराला दगड बांधून दाखवावे. हा पाठ पोहण्याच्या पाठाइतकाच महत्त्वाचा आहे आणि त्याला खर्च काहीच नाही.

भोपाळच्या हवेत या कामाला वर्षातून दोनदा सवड मिळते. शाळा १ एप्रिलला सुरू होतात आणि मेमध्ये सुटी लागते. मधला महिना ऊन असले तरी सकाळच्या तुकड्यांना चांगला, आणि पाठोपाठ येणाऱ्या सुटीतच मुले पाण्यावर जातात, म्हणून सोयीचाही. दुसरा काळ पाऊस ओसरल्यावरचा, सप्टेंबरअखेरपासून ऑक्टोबर संपेपर्यंतचा. नोव्हेंबरात पाणी इतके गार होते की लहान मुले दहा मिनिटांत कुडकुडू लागतात, आणि कुडकुडणारे मूल काही शिकत नाही. मुले, तुकड्या आणि पाठ यांचा वर मांडलेला हिशेब धरला तर एक तलाव या दोन मोसमांत मिळून दोन शाळा करू शकतो: एप्रिलात एक, पावसानंतर एक. शेवटच्या तुकडीची पंचवीस मीटरांची परीक्षा झाली की अस्तर धुऊन, उन्हात वाळवून, घडी घालावयाचे. चौकटींचे बोल्ट मोजून पेटीत भरावयाचे. आणि मालमोटार पुढच्या शाळेकडे निघाली की मुरुम पसरलेले ते अंगण पुन्हा खो-खोला मोकळे करून द्यावयाचे.